वाचताना अक्षरं हलतात, पान डोळ्यांत खुपतं: तपासणी कुठून सुरू करायची?

मूल सांगतं, धडा वाचताना अक्षरं हलतात, एका ओळीच्या दोन दिसतात, पान डोळ्यांत खुपतं. वर्गशिक्षिका म्हणतात, लक्ष नाही. चष्म्याच्या दुकानात मशीनला डोळे लावून पाहिलं तर ‘नंबर नाही’. हे तिघेही आपापल्या जागी खरं बोलत असू शकतात. अशा त्रासाला काही जण ‘व्हिज्युअल स्ट्रेस’ म्हणतात आणि त्यावर रंगीत काचा सुचवतात. यापुढची तपासणी कोणत्या क्रमाने करायची, कुठे जायचं, डॉक्टरांकडे नेमकं काय मागायचं आणि रंगीत काचांवर कधी पैसे घालायचे नाहीत, ते इथे दिलं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातली मराठी घरं डोळ्यांसमोर आहेत. बिदर किंवा कारवारकडच्यांना ठिकाणं वेगळी पडतील, क्रम मात्र हाच.

‘व्हिज्युअल स्ट्रेस’ म्हणजे नेमकं काय

छापील मजकुराकडे पाहताना होणारा असा त्रास, जो योग्य चष्मा लावूनही जात नाही. १९८०च्या सुमारास न्यूझीलंडच्या ऑलिव्ह मीअर्स आणि अमेरिकेच्या हेलन अर्लेन यांनी, पानावर रंगीत पारदर्शक कागद ठेवला तर काहींना वाचन सोपं जातं, असं मांडलं. पुढे ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स यांनी त्यासाठी चाचण्या आणि काचेचा रंग ठरवण्याचं यंत्र तयार केलं. तिथले काही ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर आणि चष्म्याचा नंबर तपासणारे प्रशिक्षित लोक, आजही ही तपासणी करतात.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी संयुक्त निवेदन काढलं. शिकण्यातल्या अडचणींवर रंगीत काचा किंवा रंगीत कागद हा उपाय म्हणून सिद्ध झालेला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे कोणी पहिल्याच भेटीत ‘तुमच्या मुलाला अर्लेन आहे, रंगीत चष्मा लागेल’ असं सांगितलं (अर्लेन हे याच त्रासाचं दुसरं नाव), तर खुर्चीवरून उठायला हरकत नाही. त्रास खोटा आहे असा याचा अर्थ नव्हे. हाच त्रास देणारी आणि बरी होणारी दुसरी कारणं आधी शोधायची असतात: न सापडलेला प्लस नंबर, दोन डोळे जवळच्या अंतरावर एकत्र न वळणं, डोळ्याचा फोकस अडकणं, डोळ्यांची अॅलर्जी किंवा कोरडेपणा, मायग्रेन आणि डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षर आणि आवाज यांची सांगड न बसणं. रंगाची पाळी सगळ्यांत शेवटी.

आधी हे पाहा, क्रमाची वाट पाहू नका

अचानक दोन-दोन दिसू लागलं, एक पापणी खाली पडली, बाहुलीत पांढरी झाक दिसली, सकाळी उठल्याबरोबर डोकं दुखून उलटी होते किंवा एका डोळ्याने कमी दिसू लागलं, तर नोंदवही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. हा वाचनाचा त्रास नाही.

पायरी १: दोन आठवडे घरी नोंद

डॉक्टरांकडे ‘डोळे दुखतात’ एवढंच सांगितलं तर तक्त्यावरची अक्षरं वाचून घेऊन सोडून देतील. गर्दीच्या ओपीडीत त्यांच्याकडे तेवढाच वेळ असतो. म्हणून आधी घरी नोंद करायची. वहीचं एक पान पुरतं. रोज एवढंच लिहा: काय वाचलं, किती मिनिटांनी तक्रार सुरू झाली, तक्रार मुलाच्याच शब्दांत, दिवा कोणता होता, त्याआधी मोबाइल किती वेळ पाहिला होता. ‘अक्षरं हलतात का रे?’ असं विचारू नका. मुलं आईवडिलांना हवं ते उत्तर देतात. ‘पान कसं दिसतंय?’ एवढंच विचारून गप्प बसा.

या दोन आठवड्यांत चार छोट्या गोष्टी करून पाहा.

एक. दोन-दोन दिसतं किंवा अक्षराला सावली येते असं मूल म्हणालं, की लगेच त्याचा एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. झाकल्याबरोबर त्रास गेला, तर दोष दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे. झाकूनही राहिला, तर बहुधा नंबर, फोकस किंवा बुबुळाचा प्रश्न आहे. दोन्ही डोळ्यांची पाळी घ्या. या एका नोंदीने डॉक्टरांचं निम्मं काम हलकं होतं.

दोन. तिन्ही लिप्या तपासा. सीमाभागातलं मराठी माध्यमाचं मूल मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या रोज वाचतं, आणि इथल्या पालकांच्या हातातलं हे फुकटचं साधन आहे. तिन्ही पुस्तकांतला साधारण सारख्या आकाराचा मजकूर प्रत्येकी दहा मिनिटं वाचायला द्या, वेगवेगळ्या दिवशी, त्याच वेळी. तिन्हींत आठव्या-दहाव्या मिनिटाला डोळे चोळणं सुरू होत असेल तर डोळ्यांकडे बोट जातं. फक्त कन्नड वाचताना रडारड होत असेल तर ती भाषा अजून अंगवळणी पडलेली नाही, त्याला डोळ्यांचा दवाखाना नको. पहिल्या मिनिटापासून तिन्हींत अडखळत असेल, अक्षरं गाळत असेल, पण डोळ्यांची काहीच तक्रार नसेल, तर डिस्लेक्सियाची तपासणी लवकर करावी लागेल.

तीन. दिवा बदलून पाहा. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्तातले काही एलईडी बल्बही तसेच लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण काहींचं डोकं त्याने चढतं. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये त्या दिव्याचं चित्रण करा. उजेड धडधडताना दिसला किंवा चित्रात काळे पट्टे सरकले, तर तो दिवा अभ्यासाच्या खोलीतून काढा. टेबल लॅम्प उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे ठेवा आणि चकचकीत पानांवर त्याची तिरीप पडू देऊ नका.

चार. अंतर मोजा. कोपरापासून मुठीच्या पेरापर्यंतचं अंतर हे त्या मुलाचं वाचनाचं अंतर. पुस्तक त्याहून बरंच जवळ ओढलं जात असेल तर किती सेंटीमीटर, ते लिहून ठेवा.

डोळे सतत खाजत असतील, चोळून लाल होत असतील, तर ते ठळक लिहा. उन्हाळ्याच्या तोंडावर वाढणारी अॅलर्जी इथे भरपूर दिसते, आणि ती थेंबांनी आटोक्यात येते.

पायरी २: डोळ्यांची पूर्ण तपासणी

सगळं बिघडतं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

‘पूर्ण तपासणी’ म्हणजे दोन वेगळी कामं. पहिलं, औषध घालून नंबर काढणं. दुसरं, औषध घालण्याच्या आधी जवळच्या अंतरावर दोन्ही डोळे मिळून कसे काम करतात ते पाहणं. क्रम उलटला तर दुसरं काम त्या दिवशी होऊच शकत नाही, कारण औषधाने डोळ्याचा फोकस बधिर होतो. पुष्कळ ठिकाणी केसपेपर काढला की रांगेतच नर्स थेंब घालायला सुरुवात करते. म्हणून केसपेपर काढतानाच सांगा: ‘वाचताना त्रास आहे, जवळची तपासणी बाकी आहे, थेंब नंतर घाला.’

औषध घालायचं कारण साधं आहे. लहान मुलांच्या डोळ्यांत फोकस करण्याची ताकद प्रचंड असते. प्लस दोन-अडीच नंबर असलेलं मूल डोळ्यांवर जोर देऊन तक्त्यावरची शेवटची ओळ सहज वाचतं, केसपेपरवर ६/६, म्हणजे नजर पूर्ण ठीक, असं लागतं, आणि तोच जोर पुस्तकावर तासभर टिकत नाही. दुकानातलं कॉम्प्युटर मशीनही इथेच फसतं. मूल आत डोकावताना फोकस आवळतं आणि मशीन प्लस नंबर दडवतं, कधी उलट मायनस दाखवतं. अशा मायनसचा चष्मा मुलाला लागला तर त्रास वाढतो. म्हणून मुलाचा पहिला चष्मा केवळ मशीनच्या चिठ्ठीवर करू नका.

कोणतं औषध घातलं ते विचारून घ्या. सायक्लोपेंटोलेटचा परिणाम साधारण एक दिवस राहतो, होमॅट्रोपिनचा एक ते तीन दिवस, अॅट्रोपिनचा दहा-चौदा दिवसही. तेवढे दिवस जवळचं धूसर आणि ऊन डोळ्यांत जाणारं. घटक चाचणीच्या आठवड्यात हे करायचं नाही. मुलाला टोपी किंवा गॉगल न्या, आणि दुचाकीवर पुढे बसवून उन्हातून आणू नका. अंतिम नंबर द्यायला डॉक्टर पुन्हा बोलावतात. औषध उतरल्यावरची ही फेरी टाळू नका, चष्म्याचा खरा आकडा त्या दिवशी ठरतो. अॅट्रोपिन घातल्यावर तोंड लालबुंद झालं, ताप आला किंवा मूल बरळायला लागलं, तर औषध थांबवून लगेच दवाखान्यात न्या.

जवळच्या तपासणीत पुढच्या गोष्टी व्हायला हव्यात. ऑप्टोमेट्रिस्टला या माहीत असतात, पण मागितल्याशिवाय प्रत्येक वेळी होतातच असं नाही. ही नावं कागदावर लिहून न्या.

– कव्हर टेस्ट, दूर आणि जवळ दोन्हीकडे. एक डोळा झाकून-उघडून दुसरा हलतो का ते पाहतात. जवळ पाहताना डोळे बाहेर सरकण्याचा कल दूरच्यापेक्षा ४ प्रिझम (डोळा किती सरकतो ते मोजायचं एकक) किंवा जास्त असेल, तर दोन डोळे आत वळवण्याची ताकद अपुरी आहे अशी शंका घेतात. याला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात.

– जवळचा बिंदू. पट्टीवरून एक बारीक खूण नाकाकडे आणतात आणि दोन दिसू लागलं की तिथलं अंतर लिहितात. ते ६ सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याच्या आत असणं बरं. १० किंवा त्यापुढे असेल तर त्याकडे दुर्लक्ष करायचं नाही. ही चाचणी चार-पाच वेळा सलग करायला सांगा. पहिल्या वेळी ठीक येतं आणि पाचव्या वेळी ढळतं, अशी मुलं असतात, आणि वाचनाचा त्रास नेमका त्यांनाच होतो.

– फोकसची ताकद, प्रत्येक डोळ्याची वेगळी. किमान किती असावी याचं सूत्र सोपं आहे: १५ मधून वयाचा चौथा भाग वजा करा. दहा वर्षांच्या मुलाला १२.५ डायॉप्टर (फोकसच्या ताकदीचं एकक), म्हणजे जवळपास ८ सेंटीमीटरवरचं अक्षर स्पष्ट धरता आलं पाहिजे.

– फ्लिपर. प्लस-मायनस २ च्या काचा उलटसुलट करत अक्षर किती झटकन स्पष्ट होतं ते एका मिनिटात मोजतात. फळ्यावरून वहीवर आणि वहीवरून फळ्यावर नजर नेताना मागे पडणाऱ्या मुलात बरेचदा हीच गोष्ट ढिली असते.

– प्रिझम बारने दोन डोळे किती ओढ सहन करतात ते, आणि वस्तू किती जवळ-लांब आहे याची जाण.

यांतल्या प्रत्येकाचा आकडा कागदावर लिहून मागा. ‘नॉर्मल’ एवढा एकच शब्द पुढच्या डॉक्टरांच्या उपयोगाचा नसतो.

तक्रारी मोजायला पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण मिळतात. मुलांत बेरीज १६ किंवा जास्त, मोठ्यांत २१ किंवा जास्त आली, तर त्रास नोंद घेण्याजोगा धरतात. मूल मराठी बोलणारं असेल तर प्रश्न मराठीतून, एकाच सुरात वाचून दाखवावेत. आईने मध्ये ‘हो, हो, असं होतं ना तुला’ म्हटलं की बेरजेला अर्थ उरत नाही.

कुठे जायचं

सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. नजर कमी असणं आणि शिकण्यातली अडचण या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत, त्यामुळे मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवलं तर मूल थेट पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळू शकते. तालुका रुग्णालयात प्राथमिक तपासणी होते. जवळच्या अंतराची पूर्ण तपासणी मात्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात किंवा ऑप्टोमेट्रिस्ट असलेल्या मोठ्या नेत्ररुग्णालयात होण्याची शक्यता जास्त.

बेळगावात दोन मोठे पर्याय आहेत: जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, आणि नेहरूनगरचं केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय. हुबळीत एम. एम. जोशी नेत्रसंस्था आहे. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, अथणीकरांना मिरज. डोळ्यांच्या तपासणीला हद्दीचा काही अडसर नाही, जिथे सोय तिथे जा. हद्द आडवी येते ती प्रमाणपत्राच्या वेळी, त्याबद्दल पुढे.

निघण्याआधी फोन करून तीनच प्रश्न विचारा: मुलांच्या डोळ्यांची जुळणी तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट किंवा ऑर्थोप्टिस्ट (याच जुळणीचा खास तंत्रज्ञ) कोणत्या वारी असतो, औषध घालून नंबर काढतात का, आणि दोन्हींचा मिळून खर्च किती. त्या वारीच जा. खानापूरच्या आत, जंगलपट्ट्यातल्या गावातून एसटी पकडून आलात आणि तो माणूस रजेवर असला, की दिवस वाया आणि मजुरीही बुडाली.

पिशवीत न्यायचं: नोंदवही, मराठी-कन्नड-इंग्रजी पाठ्यपुस्तकं, आत्तापर्यंतच्या सगळ्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या आणि मोडका असला तरी जुना चष्मा, चालू औषधं, आधार कार्ड. मूल पोटभर जेवलेलं आणि झोप झालेलं असावं. पेंगुळलेल्या मुलाचा जवळचा बिंदू हमखास वाईट येतो.

पायरी ३: जे सापडलं त्यावर उपचार, मग थांबा

नंबर निघाला तर चष्मा रोज, वाचताना तर नक्कीच, सहा ते आठ आठवडे वापरून मग पुन्हा नोंद करा. प्लसच्या चष्म्याने पहिले काही दिवस दूरचं थोडं धूसर वाटतं आणि मूल चष्मा दप्तरात लपवतं. एवढ्यावरून ‘चष्मा चुकला’ असा निकाल लावू नका. फ्रेम नाकावरून घसरत असेल तर काचेचा मध्य बाहुलीसमोर राहत नाही आणि डोळ्यांना उगाच प्रिझमची ओढ बसते. ती दुकानात बसवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

कन्व्हर्जन्सचा दोष निघाला तर व्यायाम सांगतात. घरी करण्याचा सर्वांना माहीत असलेला व्यायाम पेन्सिलचा: टोकावरचं अक्षर नाकाकडे आणायचं, दोन दिसलं की थांबून पुन्हा एक करायचं. तो रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस करतात. पण २००८ मध्ये अमेरिकेत २२१ मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, दवाखान्यात प्रशिक्षित माणसासमोर बारा आठवडे व्यायाम करणाऱ्यांपैकी ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी पेन्सिल करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के, आणि तुलनेसाठी खोटा, म्हणजे नुसता उपचारासारखा दिसणारा व्यायाम दिलेल्यांत ३५ टक्के होतं. म्हणजे नुसती पेन्सिल ही खोट्या व्यायामापेक्षा फारशी पुढे नाही. आठवड्यातून एकदा तरी दवाखान्यात जाणं जमत असेल तर तेच करा. खेड्यातून ते जमत नसेल तर महिन्यातून एकदा आकडे मोजून घ्या, नाहीतर पेन्सिल नाकासमोर नाचवण्याचा नुसता सोहळा होतो.

आणि एक अपेक्षा आधीच कमी करून ठेवा. २०१९ च्या पुढच्या चाचणीत हाच दवाखान्यातला व्यायाम केलेल्या मुलांचं वाचलेलं समजण्याचं कौशल्य खोट्या व्यायामापेक्षा जास्त सुधारलं नाही. डोळ्यांचा त्रास कमी होतो, मार्क आपोआप वाढत नाहीत. ‘डोळ्यांच्या व्यायामाने डिस्लेक्सिया बरा’ अशी जाहिरात दिसली तर पुढे जा.

पायरी ४: वाचनाची तपासणी

डोळे ठीक झाले किंवा ठीकच निघाले, आणि तरी वाचन अडतं, तर डिस्लेक्सियासाठी तपासणी करायची. त्याआधी कान तपासून घ्या, तो प्रश्न पुष्कळदा विसरला जातो. डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा आजार नाही. आवाज आणि अक्षर यांची सांगड मेंदूत घट्ट बसत नाही, म्हणून वाचन अडतं.

सीमाभागातल्या मुलाची मुख्य अडचण अशी, की त्याला इंग्रजी किंवा कन्नडमधली चाचणी दिली तर भाषा न येणं आणि वाचन न येणं यांची गल्लत होते. मणेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली डाली ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चारही भाषांत आहे. प्राथमिक वर्गांसाठी ती उपयोगी पडते. मानसशास्त्रज्ञाला विचारा: ‘मराठीतून चाचणी घेता का?’ घेत नसतील तर कोणत्या भाषेतून घेतली ते अहवालात लिहायला सांगा. मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला हवा, नोंदणी क्रमांक अहवालावर असतो. धारवाडची डिमहान्स आणि बेंगळुरूची निमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्था आहेत. तिथे जाण्याआधी मुलांच्या विभागाचा वार आणि लागणारे कागद फोनवर विचारून घ्या.

पायरी ५: रंग, शेवटी

इथवर सगळं पार पडलं, चष्मा-व्यायाम झाले आणि तरी पान हलतंच, तर रंगाची चाचणी करून पाहायला हरकत नाही. स्वस्त आहे, इजा नाही. एकच सावधगिरी: ज्याला फिट येते किंवा पूर्वी आली आहे, त्याला या चाचणीतले काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कागद दाखवू नका. काही प्रकारच्या फिटा पट्ट्यांनी आणि लुकलुकीने सुरू होतात.

ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये व्हिज्युअल स्ट्रेसच्या निदानासाठी एक चौकट मांडली. सहा तक्रारींपैकी किमान तीन हव्यात: शब्द हलणं, शब्द एकमेकांत मिसळणं, मजकुरात नक्षी किंवा सावल्या दिसणं, अक्षरं पानापासून वर उठल्यासारखी वाटणं, अक्षरं फिकी-गडद होणं, आणि ठरावीक दिवे किंवा पट्ट्यांचा त्रास. शिवाय तीन खुणांपैकी दोन हव्यात: रंगीत कागद मुलाने स्वतःहून तीन महिने किंवा जास्त वापरणं, त्याने वाचनाचा वेग १५ टक्के किंवा अधिक वाढणं, आणि पट्ट्यांच्या चाचणीत ठळक त्रास. यातला ‘स्वतःहून’ हा शब्द महत्त्वाचा. आईने रोज आठवण करून द्यावी लागत असेल तर ती खूण धरायची नाही.

खास बनवलेले कागद मॅट असतात आणि साधारण दहा रंगांत मिळतात. खडेबाजारात स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा जिलेटिन कागद चकाकतो, चुरगळतो आणि रंगाने फार गडद असतो. अंदाज घेण्यापुरता चालेल, निर्णयासाठी नाही. अर्धं पान एका रंगाखाली, अर्धं दुसऱ्याखाली ठेवा, ‘कोणतं बरं दिसतं?’ एवढंच विचारा, जिंकलेला रंग ठेवून पुढचा आणा. शेवटी जिंकलेला रंग लिहून ठेवा आणि दोन आठवड्यांनी मुलाला न सांगता सगळं पुन्हा करा. तेव्हा पार वेगळा रंग आला तर समजा की निवड आवडीची होती, डोळ्यांची नव्हे.

मग वेग मोजायचा. विल्किन्स यांच्या चाचणीची युक्ती अशी, की पंधरा सोपे शब्द प्रत्येक ओळीत वेगळ्या क्रमाने येतात. अर्थ लागत नाही, त्यामुळे अंदाजाने वाचता येत नाही. मराठीत घरी असा तक्ता करता येतो. शब्द मुलाला पूर्ण येणारे, जोडाक्षर नसलेले घ्या:

घर मी लाल ये दोन नाही आई पाणी जा एक हात तू झाड आणि बघ
आणि एक आई बघ हात लाल तू पाणी ये झाड मी नाही घर जा दोन

अशा दहा ओळी, प्रत्येकीत तेच पंधरा शब्द, अक्षर लहान आणि ओळी जवळजवळ. देवनागरीत दाट छापलेलं पान शिरोरेषांमुळे तसंही आडव्या पट्ट्यांसारखं दिसतं, त्यामुळे त्रास असेल तर तो इथे डोकं वर काढतो. एक मिनिट मोठ्याने वाचायला लावा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. क्रम असा: रंगासह, रंगाशिवाय, रंगाशिवाय, रंगासह. असं केलं तरच सरावाने वाढलेला वेग रंगाच्या खात्यात जमा होत नाही. जमलं तर एक फेरी साध्या पारदर्शक प्लास्टिकची घ्या. ‘हा नवीन कागद’ या उत्साहानेसुद्धा मुलं वेगाने वाचतात.

हिशोब: रंगाशिवाय ६२ आणि ६४, सरासरी ६३. रंगासह ६६ आणि ६८, सरासरी ६७. वाढ ४ शब्द, म्हणजे सहा टक्क्यांच्या जवळपास. एवढा फरक कागद न बदलताही दोन दिवसांत पडतो. १५ टक्क्यांसाठी सरासरी ७२ च्या वर जायला हवी. तेवढी आली आणि तीन महिने मूल कागद स्वतः काढून वापरत असेल, तरच पुढे रंगीत काचांचा विचार करा. कागदाचा रंग आणि काचेचा रंग एकच नसतो, काचेचा रंग कलरिमीटर नावाच्या वेगळ्या यंत्रावर ठरवतात आणि ते यंत्र मोजक्याच ठिकाणी असतं. त्यामुळे ‘कागद पिवळा आवडला, पिवळा गॉगल करून द्या’ हे दुकानदाराला सांगण्यात अर्थ नाही.

शाळा आणि प्रमाणपत्र

व्हिज्युअल स्ट्रेसच्या नावाने कोणतंही सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही. मिळतं ते विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणीचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र मुलाला आठ वर्षं पूर्ण झाल्यावर देत आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासत. २०२४ मध्ये नव्या सूचना निघाल्या, त्यामुळे सध्याची वयाची अट विचारून घ्या. अर्ज युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा.

आधारवर बेळगाव जिल्ह्याचा पत्ता असेल तर प्रमाणपत्रासाठी बेळगाव जिल्ह्याच्या वैद्यकीय प्राधिकरणाकडेच जा. कोल्हापूर-मिरजेच्या खासगी दवाखान्याचा अहवाल सोबत जोडता येतो, प्रमाणपत्र म्हणून तो पुढे करता येत नाही. अहवाल इंग्रजीतच मागा. मराठीतला कागद बेळगावच्या कचेरीत आणि कन्नडमधला कोल्हापुरात अडून राहतो. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर अर्ज मुख्याध्यापकांमार्फत कर्नाटकच्या परीक्षा मंडळाकडे जातो. त्यामुळे नववीतच कागद तयार ठेवा. दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ केली तर प्रमाणपत्राची तारीख आणि अर्जाची मुदत यांचा मेळ बसत नाही.

वर्गातल्या छोट्या सोयींना मात्र कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही. खिडकीच्या तिरिपीपासून दूर बाक, मोठ्या अक्षरांत झेरॉक्स, ओळीखाली ठेवायला कार्डाची पट्टी, वीस मिनिटांनी डोळे वर करून दूर पाहण्याची मुभा, पांढऱ्याशुभ्र कागदाऐवजी किंचित पिवळसर वही. बाईंना दवाखान्याचा कागद दाखवून एवढं मागितलं, तर बहुतेक शाळा देतात.

मोठ्यांसाठी दोन गोष्टी

चाळिशीच्या आसपास जवळचं वाचताना डोळे शिणू लागले तर तो वयाचा चाळशीचा नंबर असतो. तो काढून घ्या आणि तिथेच थांबा, रंगाच्या वाटेला जाऊ नका. वडगाव-शहापुरात मागावर काम करणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. दिवसभर समोर ताण्याचे उभे धागे, म्हणजे बारीक पट्ट्याच. ज्यांना मायग्रेन आहे त्यांचं डोकं अशा पट्ट्यांनी चढतं. त्यांनी नेत्रविभागात मायग्रेनचा इतिहास आवर्जून सांगावा, आणि चष्म्याचा नंबर काढताना मागापासून डोळ्यांपर्यंतचं खरं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजून न्यावं. वाचनाच्या ४० सेंटीमीटरसाठी काढलेला चष्मा ६० सेंटीमीटरवरच्या धाग्याला उपयोगी पडत नाही.